इमोजी पिकर बसवा, ‘शेतकर्‍यां’चा ‘र्‍या’ न मोडता

लातूरच्या मोंढ्यातलं कृषी सेवा केंद्र असो की बीडच्या बचत गटाची पापड-लोणच्याची वेबसाइट, चौकशीच्या चौकटीत लोक ‘राम राम’ लिहितात आणि त्यापाठोपाठ 🙏 हवंच असतं. मोबाइलवर ते कीबोर्डातच सापडतं. अडतं ते कॉम्प्युटरवर लिहिणाऱ्याचं: दुकानातला हिशेबनीस, ई-सेवा केंद्रात बसलेला मुलगा, कॉलेजच्या लॅबमधली मुलगी. हा लेख त्यांच्यासाठी पिकर बसवणाऱ्या नवशिक्यासाठी आहे. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टची तोंडओळख असली तरी पुरे.

बटण दाबलं की इमोजींचा तक्ता उघडावा, एवढं एका दुपारी होतं. वेळ जातो तो पुढे. निवडलेलं इमोजी कर्सर होता तिथेच पडलं पाहिजे, मराठीत शोधून सापडलं पाहिजे आणि डेटाबेसात जाऊन परत येईपर्यंत अख्खं राहिलं पाहिजे. हे शेवटचं बहुतेकांकडून राहून जातं, आणि त्याचा फटका नुसत्या इमोजीला नाही, शेजारच्या मराठीलाही बसतो.

एक सूचना आधीच. कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. एडिटरमध्ये ती इंग्रजी अक्षरांत आणि सलग लिहायची. उदाहरणार्थ ‘सेटरेंजटेक्स्ट’ हा एकच शब्द आहे, त्यातला ‘रेंज’चा आर आणि ‘टेक्स्ट’चा टी तेवढे कॅपिटल. नावातली जोडरेघ तशीच ठेवायची, फक्त पीएचपीच्या फंक्शनांत तिच्या जागी अंडरस्कोर.

कुठे बसवायचा, कुठे नाही

पिकर फक्त साध्या मजकुराच्या चौकटीला लावा: ‘टेक्स्टएरिया’ आणि ‘टेक्स्ट’ किंवा ‘सर्च’ प्रकारचा ‘इनपुट’. ‘ईमेल’ आणि ‘नंबर’ प्रकारच्या चौकटीत ब्राउझर कर्सरची जागा सांगतच नाही. ‘सिलेक्शनस्टार्ट’ विचारलं तर ‘नल’ मिळतं आणि ‘सेटरेंजटेक्स्ट’ थेट एरर देतं. तसंही मोबाइल नंबरच्या रकान्यात इमोजीचं काय काम?

स्पर्शाच्या पडद्यावर बटण लपवा. सीएसएसमध्ये ते आधी ‘डिस्प्ले: नन’ ठेवायचं आणि ‘होव्हर: होव्हर’ व ‘पॉइंटर: फाइन’ या दोन्ही अटी जुळतील अशा मीडिया क्वेरीतच दाखवायचं. मोबाइलवर कीबोर्डानं अर्धा पडदा व्यापलेला असतो, त्यावर आपला तक्ता उघडला तर लिहिलेलं दिसेनासं होतं.

विंडोजवर विंडोज-की आणि पूर्णविराम, मॅकवर कंट्रोल-कमांड-स्पेस दाबलं की यंत्राचा स्वतःचा पिकर उघडतो. चौकटीखाली बारीक अक्षरांत ही एक ओळ लिहून ठेवा. काही साइटना तेवढंच पुरतं.

तयार घ्यावा की स्वतः करावा

युनिकोडच्या यादीत आज ३,७०० च्या वर इमोजी आहेत. सगळे हवे असतील तर स्वतः लिहायच्या फंदात पडू नका. ‘इमोजी-पिकर-एलिमेंट’ नावाचा मुक्त वेब कंपोनंट आहे. स्क्रिप्टला ‘टाइप’ म्हणून ‘मॉड्यूल’ द्यायचं, त्या नावाचा टॅग पानात टाकायचा आणि ‘इमोजी-क्लिक’ हा इव्हेंट ऐकायचा. निवडलेलं चिन्ह ‘इव्हेंट.डिटेल.युनिकोड’मध्ये मिळतं. मूळ मांडणीत त्याची यादी बाहेरच्या सीडीएनवरून, म्हणजे फाइली पुरवणाऱ्या सर्व्हरवरून, येते. ती फाइल आपल्या सर्व्हरवर ठेवा आणि ‘डेटा-सोर्स’मध्ये तिचा पत्ता द्या. बाहेरचा सर्व्हर अडला तर निदान आपला तक्ता रिकामा राहणार नाही.

पण दुकान, बचत गट, शाळा, गावची साइट यांना साठ-सत्तर इमोजी भरपूर होतात, आणि तेवढ्यांना स्वतःचा पिकरच बरा. फाइल छोटी राहते आणि शोधाचे शब्द आपले ठेवता येतात. पुढचं सगळं त्याबद्दल आहे. मोजणी, जोडक आणि डेटाबेस हे भाग मात्र तयार पिकर घेणाऱ्यालाही तितकेच लागू आहेत.

बटण आणि तक्ता

बटणाला ‘टाइप’ म्हणून ‘बटन’ द्यायला विसरू नका. न दिल्यास फॉर्ममधलं कुठलंही बटण ‘सबमिट’ समजलं जातं, आणि इमोजी निवडायला गेलेल्याचा अर्धवट फॉर्म रवाना होतो. ‘ॲरिया-लेबल’मध्ये (ए-आर-आय-ए, ‘टेक्स्टएरिया’तला ‘एरिया’ नव्हे) ‘इमोजी निवडा’ असं मराठीत लिहा आणि पानाच्या ‘लँग’मध्ये मराठीचा कोड (एम-आर) द्या. नाही तर स्क्रीन रीडर मराठी शब्द भलत्याच आवाजात वाचतो.

तक्त्यासाठी ‘डिव्ह’ला ‘पॉपओव्हर’ हा गुण द्या आणि बटणाच्या ‘पॉपओव्हरटार्गेट’मध्ये त्याचा आयडी लिहा. उघडणं, मिटणं, बाहेर क्लिक केल्यावर बंद होणं, एस्केप दाबल्यावर बंद होणं हे सगळं ब्राउझर सांभाळतो. २०२४ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत हे चालतं. आणखी एक फायदा असा की आई-बाप डब्याला ‘ओव्हरफ्लो: हिडन’ असलं तरी तक्ता कापला जात नाही.

ब्राउझर तक्ता पडद्याच्या मधोमध टाकतो. तो बटणापाशी हवा असेल तर सीएसएसमध्ये ‘मार्जिन’ शून्य आणि ‘इनसेट’ ‘ऑटो’ करा. मग ‘गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट’नं बटणाची जागा काढून ‘टॉप’ आणि ‘लेफ्ट’ भरा. खाली तक्त्याच्या उंचीइतकी, समजा ३२० पिक्सेल, जागा उरली नसेल तर तो बटणाच्या वर उघडा. पान सरकवलं की तक्ता बंद करून टाका, म्हणजे तो बटणापासून तुटून हवेत लोंबकळत नाही.

तक्त्यातलं प्रत्येक इमोजी स्वतंत्र बटण करा आणि त्याला मराठी नावाचं लेबल द्या. आकार निदान ४० बाय ४० पिक्सेल. क्लिक ऐकणारा मात्र अख्ख्या तक्त्याला एकच लावा आणि ‘क्लोझेस्ट’नं कुठलं बटण दाबलं ते शोधा. बटणं पान उघडताना बनवू नका, तक्ता पहिल्यांदा उघडेल तेव्हा बनवा.

कर्सर जिथे, इमोजी तिथे

नवशिक्याच्या कोडात हमखास दिसणारी ओळ म्हणजे चौकटीच्या ‘व्हॅल्यू’ला अधिकचं चिन्ह लावून इमोजी जोडणं. तसं केल्यानं इमोजी नेहमी शेवटी पडतं. ‘राम राम’नंतर कर्सर नेऊन 🙏 निवडलं आणि ते चार ओळी खाली पत्त्याच्या शेवटी उमटलं, तर लिहिणारा पुन्हा त्या बटणाला हात लावत नाही.

योग्य क्रम असा. पानावर दोन-तीन चौकटी असतील तर ‘फोकसइन’ इव्हेंटवर शेवटची वापरलेली चौकट एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा. इमोजीवर क्लिक झालं की त्या चौकटीवर ‘सेटरेंजटेक्स्ट’ बोलवा. त्याला चार गोष्टी लागतात: इमोजी, ‘सिलेक्शनस्टार्ट’, ‘सिलेक्शनएंड’ आणि चौथा शब्द ‘एंड’. हा चौथा शब्द गाळला तर कर्सर इमोजीच्या पुढे सरकेलच याचा भरवसा नसतो. पुढची अक्षरं मग इमोजीच्या आधी पडू शकतात.

लगेच ‘इनपुट’ नावाचा नवा इव्हेंट ‘बबल्स’ खरं ठेवून त्याच चौकटीवर पाठवा. कोडनं घातलेल्या मजकुराबद्दल ब्राउझर स्वतःहून कुणाला कळवत नाही. हा इव्हेंट नसेल तर अक्षरमोजणी जागची हलत नाही आणि रिॲक्ट किंवा व्ह्यूमध्ये केलेल्या फॉर्मला इमोजी आल्याचं समजतही नाही.

इमोजीच्या बटणांवर ‘माउसडाउन’ला ‘प्रिव्हेंटडिफॉल्ट’ करा, म्हणजे क्लिक करताना चौकटीचा फोकस जात नाही. ते अख्ख्या तक्त्याला लावू नका, नाही तर तक्त्यातल्या शोध-चौकटीतही कर्सर जाणार नाही. एका क्लिकनंतर तक्ता मिटवूही नका. आपल्याकडे 🙏 एकदा कुणी टाकत नाही, तीनदा टाकतात. तक्ता बंद झाला की फोकस चौकटीत परत न्या.

मराठीची एक खास अडचण इथेच येते. ‘ram’ असं इंग्रजी अक्षरांत टाइप करून ‘राम’ उमटवणारे कीबोर्ड शब्द पक्का होईपर्यंत तो अधांतरी ठेवतात, अक्षरांखाली रेघ दिसते ती त्याचीच. त्या क्षणी मध्ये इमोजी घुसवलं तर शब्द दोनदा उमटू शकतो किंवा अर्धा गळू शकतो. ‘कंपोझिशनस्टार्ट’ आणि ‘कंपोझिशनएंड’ या इव्हेंटांनी शब्द चालू आहे का याची खूण ठेवा. चालू असेल तर आधी चौकटीवर ‘ब्लर’, मग ‘फोकस’, मग इमोजी. इनस्क्रिप्टवर लिहिणाऱ्याला हा त्रास होत नाही, त्यामुळे तुम्ही स्वतः इनस्क्रिप्टवाले असाल तर हा दोष तुमच्या चाचणीत सापडणारच नाही. दुसऱ्याच्या हातून टाइप करवून बघा.

शोधाचे शब्द आपले हवेत

युनिकोडच्या सीएलडीआर साठ्यात इमोजींची मराठी नावं आहेत, सुरुवात तिथून करा. पण लोक पुस्तकी नावानं शोधत नाहीत. 🛺 ला इकडे ऑटो म्हणतात, म्हणून ‘ऑटो’ आणि ‘रिक्षा’ दोन्ही हवेत. 🐂 ला ‘बैल, पोळा, सर्जा, राजा, खांदेमळणी’. 🌾 ला ‘पीक, रान, येळवस’. 🪔 ला ‘पणती, दिवा, दिवाळी’. 🙏 ला ‘नमस्कार, राम राम, जय हरी, जय भीम, माउली’. 🌧️ ला ‘पाऊस’ आणि ‘आभाळ’. याशिवाय प्रत्येकाला इंग्रजी लिपीतला मराठी उच्चारही जोडा. कीबोर्ड बदलायचा कंटाळा केलेला माणूस तसाच शोधणार आहे.

शोधताना ऱ्हस्व-दीर्घाचा हट्ट नको. ‘पाउस’ आणि ‘पाऊस’ दोन्हींना 🌧️ सापडलं पाहिजे. यादीतला शब्द आणि टाइप केलेला शब्द दोन्ही एकाच चाळणीतून काढा: दीर्घ वेलांटी-उकार ऱ्हस्व करा, ‘ई’ आणि ‘ऊ’ला ‘इ’ आणि ‘उ’ करा, ‘ऱ’ला ‘र’ करा, न दिसणारे जोडक (त्यांच्याबद्दल पुढे) काढा. ही चाळणी फक्त शोधापुरती आहे. माणसानं चौकटीत लिहिलेल्या मजकुराला ती चुकूनही लावू नका. जुळणी शब्दाच्या सुरुवातीपासून करा, नाही तर ‘ल’ टाइप करताच निम्मा तक्ता पुढ्यात येतो.

एक इमोजी, चार मापं

शेतकरी बाईचं इमोजी घ्या: 👩‍🌾. डोळ्यांना ते एक दिसतं. आतून ते तीन तुकड्यांचं आहे: बाई, न दिसणारा जोडक आणि पिकाची पेंढी. त्यामुळे सर्व्हरवरच्या पीएचपीचं ‘एमबी-स्ट्रलेन’ आणि मायएसक्यूएल डेटाबेसातला ‘व्हारचार’ रकाना त्याला ३ मोजतात, जावास्क्रिप्टचं ‘लेंग्थ’ ५ मोजतं, आणि बाइट मोजणारं पीएचपीचं ‘स्ट्रलेन’ ११ सांगतं.

‘१०० अक्षरं’ अशी मर्यादा घातली असेल तर ती नेमक्या कुठल्या मापानं, हे आधी ठरवा. पडद्यावरच्या मोजणीला ‘इंटल.सेगमेंटर’ वापरा, ‘ग्रॅन्युलॅरिटी’ ‘ग्राफीम’ ठेवून. ते डोळ्यांना दिसेल तसं मोजतं. फक्त जोडाक्षरं जुने आणि नवे ब्राउझर वेगवेगळी मोजतात, म्हणून डेटाबेसातला रकाना पडद्यावरच्या मर्यादेच्या चार-पाच पट मोठा ठेवा.

‘मॅक्सलेंग्थ’वर विसंबू नका. ते माणसाच्या टायपिंगला अडवतं, कोडनं घातलेल्या इमोजीला नाही. घालण्याआधी स्वतः तपासा आणि सर्व्हरवर पुन्हा तपासा. यादीत मजकुराचा पहिला तुकडा दाखवताना ‘सबस्ट्र’नं कापला तर अक्षर मधोमध कापलं जाऊन � असं चिन्ह उमटतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं असल्यानं हा दोष इमोजी नसतानाही दिसतो. ‘एमबी-सबस्ट्र’ वापरलं की अक्षर तुटत नाही, पण 👩‍🌾 सारखं जोड-इमोजी तरीही फुटू शकतं. त्याला पीएचपीचं ‘ग्राफीम-सबस्ट्र’ चांगलं.

न दिसणारा जोडक

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या अनेक तयार फंक्शनांत न दिसणारी चिन्हं काढून टाकायची ओळ असते. तिच्यात शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे, हाही जातो. मग 👩‍🌾 फुटून 👩🌾 होतं, बाई वेगळी आणि पेंढी वेगळी.

एवढ्यावर भागलं असतं. पण मराठीतला आडवा ‘र’ लिहायच्या दोन रीती आहेत. काही कीबोर्ड नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरतात, त्यातून ‘शेतकऱ्यांना’ होतं. काही जण साधा ‘र’, हलन्त आणि मग हाच जोडक घालतात, त्यातून ‘शेतकर्‍यांना’ होतं. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. जोडक काढला की पहिला शब्द जसाच्या तसा राहतो आणि दुसऱ्याचा ‘शेतकर्यांना’ होतो, डोक्यावर रफार चढतो. ‘वार्‍यावर’, ‘दुसर्‍या’, ‘कोपर्‍यात’ सगळ्यांचं हेच. काहींच्या मजकुरात चूक दिसते, काहींच्या दिसत नाही, म्हणून लोक फॉन्टवर संशय घेतात आणि दिवस घालवतात.

उपाय साधा आहे. त्या फंक्शनातून झेडडब्ल्यूजे, त्याचा भाऊ झेडडब्ल्यूएनजे आणि इमोजीला रंगीत रूप देणारं सोळाव्या क्रमांकाचं व्हेरिएशन सिलेक्टर, ही तीन चिन्हं वगळा. बाकीची साफसफाई चालू द्या.

डेटाबेस

मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ नावाचा अक्षरांचा जुना साचा (कॅरेक्टर सेट) एका अक्षराला ३ बाइटच देतो. देवनागरी त्यात मावते, म्हणून वर्षानुवर्षं काही बिघडलेलं दिसत नाही. बहुतेक इमोजींना ४ बाइट लागतात. त्यासाठी ‘यूटीएफ८एमबी४’ हा साचा २०१० साली ५.५.३ आवृत्तीत आला आणि २०१८ च्या ८.० पासून तोच मूळचा साचा झाला. जुनी टेबलं मात्र आपोआप बदलत नाहीत.

जुन्या साच्यात काय होतं ते नीट बघा. ग्राहकानं लिहिलं: ‘राम राम 🙏 सोयाबीनच्या दोन बॅगा ठेवा’. स्ट्रिक्ट मोड (चुकीची नोंद नाकारणारी मायएसक्यूएलची सेटिंग) चालू असेल तर १३६६ क्रमांकाची एरर येते आणि काहीच साठवलं जात नाही. बंद असेल तर ‘राम राम’ एवढंच साठतं, इमोजीपासून पुढचं सगळं गळतं. ग्राहकाला ‘धन्यवाद’ दिसतं, दुकानदाराला नुसता नमस्कार पोचतो, आणि बॅगा राहतात.

चाचणीला ❤️ किंवा ☔ घेऊ नका. ही जुनी चिन्हं ३ बाइटांत मावतात, सगळं ठीक आहे असं वाटतं. चाचणी 🙏 नं करा.

बदल करायच्या आधी बॅकअप. मग ‘ऑल्टर टेबल’, टेबलाचं नाव, ‘कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४’. जुन्या आवृत्तीत ‘की’ फार लांब असल्याची एरर आली तर इंडेक्स असलेला ‘व्हारचार’ २५५ वरून १९१ वर आणा. तिथे इंडेक्सची मर्यादा ७६७ बाइट आहे, आणि १९१ गुणिले ४ म्हणजे ७६४. अर्थात, आधी १९१ हून लांब नोंदी नाहीत याची खात्री करा. नुसतं टेबल बदलून भागत नाही, पीएचपी आणि डेटाबेस यांच्यातली जोडणीही त्याच साच्याची हवी. पीडीओमध्ये जोडणीच्या ओळीत ‘चारसेट’, मायएसक्यूएलआयमध्ये ‘सेट-चारसेट’. टेबल नवं असूनही इमोजीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटत असतील, तर पहिला संशय जोडणीवर घ्या.

फॉन्ट आणि झेंडा

‘इनपुट’ आणि ‘टेक्स्टएरिया’ पानाचा फॉन्ट आपणहून घेत नाहीत, त्यांना ‘फॉन्ट: इनहेरिट’ द्या. ‘फॉन्ट-फॅमिली’त आधी मराठीचा फॉन्ट आणि शेवटी इमोजीचे: ॲपल कलर इमोजी, सेगो यूआय इमोजी, नोटो कलर इमोजी. उलटा क्रम लावला तर इंग्रजी आकडे विचित्र अंतरानं फाकतात, कारण इमोजीच्या फॉन्टात आकडेही असतात.

विंडोजवर क्रोम आणि एजमध्ये देशांचे झेंडे दिसत नाहीत, 🇮🇳 च्या जागी आय आणि एन ही दोन अक्षरं येतात. हा तुमच्या कोडचा दोष नाही. १५ ऑगस्टला आणि १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, लोक तिरंगा शोधणारच. तक्त्यातल्या बटणावर तिरंग्याचं छोटं चित्र दाखवा, चौकटीत मात्र खरं इमोजीच जाऊ द्या.

लोकांपुढे ठेवण्याआधी

ही ओळ जशीच्या तशी कॉपी करा: ‘शेतकर्‍यांना राम राम 🙏 👩‍🌾 ❤️ दोन बॅगा ठेवा’. कर्सर ओळीच्या मध्ये नेऊन तक्त्यातून 🪔 घाला, फॉर्म पाठवा आणि मग ती ओळ जिथे जिथे पोचते तिथे तिथे बघा: डेटाबेसात, ॲडमिनच्या यादीत, दुकानदाराला गेलेल्या ईमेलात. ‘र्‍या’ आडवा आहे का, बाई आणि पेंढी एकत्र आहेत का, ‘दोन बॅगा ठेवा’ शेवटी आहे का. शेवटी ‘मायएसक्यूएलडम्प’नं बॅकअप घ्या, त्यात ‘डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट’ला ‘यूटीएफ८एमबी४’ देऊन, आणि तो दुसऱ्या रिकाम्या डेटाबेसात उतरवून तीच ओळ पुन्हा वाचा. जुन्या आवृत्त्यांत ही सूचना न देता घेतलेल्या बॅकअपात इमोजींची प्रश्नचिन्हं झालेली असतात, आणि तो बॅकअप उतरवायची वेळ येईपर्यंत ते कुणाच्या लक्षात येत नाही.